उभा व्हॅक्यूम क्लीनर घेताय? आधी घरातली फरशी बघा

दिवाळी महिन्यावर आली की माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींचं मशीन बंद पडलेलं असतं. काहींना नवीन घ्यायचं असतं, पण दुकानदाराच्या बोलण्यावर भरवसा बसत नाही. जळगावात मी मिक्सर, कूलर, व्हॅक्यूम क्लीनर अशी घरातली मशीनं दुरुस्त करतो, विकत नाही. त्यामुळे अमुकच कंपनीचं घ्या असं इथे काही लिहिणार नाही. तसंही एकाच कंपनीचं एक मॉडेल आठ-दहा वर्षं कुरकुर न करता चालतं आणि दुसरं पुढच्याच दिवाळीला माझ्या टेबलावर उघडं पडलेलं असतं. व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, हे ठरतं तुमच्या फरशीवर, तुमच्या विजेवर आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब आहे त्यावर. पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

१. ‘उभा’ म्हणून नेमकं काय दाखवतायत ते ओळखा

‘अपराइट’ म्हणून दोन अगदी वेगळी मशीनं विकली जातात. खऱ्या अपराइटमध्ये मोटर, धुळीचा डबा आणि खालचा फिरणारा ब्रश एकाच उभ्या सांगाड्यात असतात. वजन सहा-सात किलो, वायर लावून चालतो, ढकलत न्यायचा. दुसरी असते ‘स्टिक’. तिची मोटर आणि बॅटरी हाताच्या मुठीपाशी असते, खाली लांब सरळ नळी आणि टोकाला ब्रश. वजन दीड ते तीन किलो. आपल्याकडे आज उभं म्हणून जे खपतं ते बहुतेक हेच. तिसरा प्रकार उभा नसतोच. चाकांवरचा डबा आणि त्याला लवचिक पाइप, ज्याला कॅनिस्टर म्हणतात. १९८० च्या दशकात टाय लावलेले सेल्समन दारोदार डेमो देत फिरायचे, तेव्हा बऱ्याच घरांनी पहिल्यांदा पाहिला तो हाच.

अपराइटचा जन्म गालिच्यासाठी झाला, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जातं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन शहरात जेम्स मरे स्पँग्लर नावाचा सफाई कामगार होता. त्याला दमा होता आणि गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याला सोसवेना. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक मशीन बनवलं, पुढे फिरणारा ब्रश बसवला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि लवकरच ते हूवर कुटुंबाने विकत घेतलं. तो ब्रश गालिच्याच्या धाग्यांतून रुतलेली माती उपसायला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेल्या देशांत अपराइट अजूनही खपतो, तो याच कामासाठी.

२. फरशी, पलंग आणि कापूस

आपल्याकडे जुन्या घरात शहाबादी, मधल्या काळातल्या घरात मोझॅक नाहीतर कोटा, आणि नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल. गालिचा असलाच तर सोफ्यासमोर चार बाय सहाचा तुकडा. बाकी बसायला चटई, तीही जळगावच्या एमआयडीसीत बनलेली प्लास्टिकची, जी उचलून झटकली की काम झालं. अशा घरात कडक दातांचा फिरता ब्रश कचरा ओढण्याआधी मागे भिरकावतो. सांडलेली डाळ ओढायला जा, अर्धी आत जाते आणि अर्धी तुमच्याच पायांवर येते.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा: ब्रश बंद करून नुसती ओढ चालू ठेवता येते का? नाहीतर कापडासारखा मऊ रोलर सोबत मिळतो का? दोन्हींना ‘नाही’ असेल तर ते मशीन तुमच्या फरशीचं नाही, कितीही सूट असो.

मग पलंग. घरात टेप घ्या आणि दिवाण, कपाट, सोफा यांच्या खालची फट मोजून कागदावर लिहा. अपराइटचा सांगाडा जाड असतो, तळाशी चार-पाच इंचांची फट असेल तर तो तिथे शिरत नाही. स्टिकची मोटर वर असल्यामुळे नळी जवळपास आडवी पडते आणि भिंतीपर्यंत पोहोचते. पेटीपलंग असेल तर प्रश्नच मिटला, खाली जागाच नाही. पण मग गादी साफ करायला छोटा मोटरवाला ब्रश लागेल, तो सोबत येतो की वेगळा घ्यावा लागतो ते विचारा.

शेतकरी घरांसाठी एक वेगळी गोष्ट. कपाशी वेचून झाली की भाव वाढेल या आशेने कापूस घरातच एका खोलीत भरून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. अंगाला खाज सुटते, पोरं खोकतात, तरी खोली भरलेलीच. तो कापूस विकल्यावर उरलेली रुई उभ्या मशीनने ओढायला गेलात तर तंतू रोलरच्या दोन्ही टोकांना गुंडाळत जातात, बेअरिंगमध्ये शिरतात, रोलर अडतो आणि आतला पट्टा घासून जळतो. लांब केसांचंही हेच होतं. मशीन उलटं करून बघा: रोलर स्क्रू ड्रायव्हर न लावता, एका खटक्याने बाहेर निघतो का? निघत असेल तर दर आठवड्याला कात्रीने तंतू कापून टाकता येतात. नसेल निघत, तर ते काम माझ्याकडे येणार.

माझं मत विचाराल तर टाइलचा दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट असेल तर मऊ रोलरची स्टिक घ्या, नाहीतर सरळ कॅनिस्टर. हॉलभर गालिचा आणि जाड सोफे असतील तरच खरा अपराइट. कापूस, धान्य, माती, कधी सांडलेलं पाणी असं सगळंच ज्या घरात येतं, तिथे ओलं-सुकं दोन्ही ओढणारा ड्रमवाला. दिसायला तो ओबडधोबड, आवाज मोठा, पण मार खातो आणि टिकतो. आणि अंगणाला खराटाच बरा.

३. सॉकेट आणि ऊन

वायरवाल्या मशीनवर १२०० ते १६०० वॅट लिहिलेलं असतं. त्याला २३० व्होल्टने भागा. १२०० वॅटचं मशीन पाच अँपिअरच्या थोडं वर घेतं, १६०० वॅटचं जवळपास सात. घरातला नेहमीचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा. म्हणजे मोठं मशीन त्याच्यावर रोज चालवलं तर पिन गरम होते, सॉकेट पिवळा पडतो आणि एक दिवस जळका वास येतो. गीझर-फ्रिजचा १६ अँपिअरचा सॉकेट कुठल्या खोलीत आहे ते आधी बघा. तिथून शेवटच्या खोलीच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. मशीनची वायर बऱ्याचदा पाच-सहा मीटरचीच असते. दहा मीटर अंतर असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड लागणार, आणि मोबाइल चार्ज करायचा बारीक वायरचा बोर्ड तिथे चालणार नाही. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा मोटरचा आवाज खाली येतो आणि ओढही कमी होते. मशीन बिघडलं म्हणून धावू नका, सकाळी लावून बघा.

बॅटरीवाल्या स्टिकला सॉकेटची चिंता नाही, लोडशेडिंगचीही नाही. तिचा वैरी आपला उन्हाळा आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४० अंशांच्या वर चार्ज करू नये, माहितीपुस्तिकेत ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीवर चार्जर ठोकला असेल तर बॅटरी दोन उन्हाळ्यांत दम टाकते. काही मशीनं तापल्यावर चार्जच घेत नाहीत, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि लोक ते घेऊन माझ्याकडे येतात. चार्जर घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला लावा आणि उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा चार्ज करा. वापर झाल्याझाल्या लगेच लावू नका, अर्धा तास निवू द्या.

बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता येते का, हे मी सगळ्यात वर ठेवतो. ती आतच बंद असेल तर बॅटरी मेली की मशीन मेलं.

४. खोक्यावरचे आकडे वाचायचे कसे

वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं, धूळ किती ओढतं ते नव्हे. युरोपियन युनियनने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, आणि तरी तिथे घरं स्वच्छ होतायत. त्यामुळे ‘दोन हजार वॅट, एकदम पॉवरफुल’ ऐकून खिशात हात घालू नका.

ओढ पास्कलमध्ये सांगतात. इथे एक गंमत असते: एका खोक्यावर २० केपीए लिहिलेलं, शेजारच्यावर २०,००० पीए. दुसरं हजारपट भारी वाटतं, पण केपीए म्हणजे हजार पीए, म्हणजेच हजार पास्कल, तेव्हा दोन्ही एकच आहेत. शिवाय हा आकडा बऱ्याचदा नळीचं तोंड बंद करून, सगळ्यात जोराच्या मोडवर मोजलेला असतो. हवा किती वाहते ते त्यातून कळत नाही, आणि धूळ वाहून नेते ती हवाच. ओढ आणि हवेचा प्रवाह दोन्ही धरून काढलेला आकडा ‘एअर वॅट’चा. तो दिला असेल तर दोन मशीनांची तुलना त्यावरच करा.

बॅटरीची वेळ मात्र तुम्ही स्वतःच काढू शकता. समजा २२०० एमएएच आणि २१.६ व्होल्ट लिहिलंय. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास. २.२ गुणिले २१.६ म्हणजे सुमारे ४७ वॅट-तास. मोटर जोराच्या मोडवर २५० वॅट घेत असेल तर अकरा मिनिटांत बॅटरी संपली. खोक्यावर ‘४५ मिनिटं’ छापलेलं असतं ते सगळ्यात हळू मोडवर, तेही बहुधा मोटरवाला ब्रश न लावता. दोन खोल्या आणि हॉल मधल्या मोडवर झाडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, त्या हिशोबाने बघा.

फिल्टरचं म्हणाल तर आपली काळी माती सुकल्यावर पिठासारखी बारीक होते, आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला राहणाऱ्यांना राख वेगळी सांगायला नको. साध्या स्पंजच्या फिल्टरमधून असली धूळ मागच्या बाजूने परत खोलीत येते. घरात दमा-सर्दीचं माणूस असेल तर हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर हवा. एच१३ असं स्पष्ट लिहिलेला फिल्टर ९९.९५ टक्के बारीक कण अडवतो. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ असं लिहिलं असेल तर ते हेपा नाही. धुता येणारा फिल्टर घ्या आणि पहिल्याच दिवशी एक जादा घेऊन ठेवा.

पिशवीवाला की बिनपिशवीचा? पिशवी फेकताना धूळ उडत नाही, पण संपली की मागवावी लागते. शहाद्याला किंवा साक्रीला राहून ठरावीक मापाची पिशवी शोधत बसण्यापेक्षा डबा बरा. तो बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून रिकामा करायचा.

५. दुकानात हात लावून बघा

ऑनलाइन स्वस्त पडतं हे खरं, पण उभं मशीन एकदा तरी हातात धरल्याशिवाय घेऊ नये. घरून एका पुडीत चार वस्तू न्या: मूठभर साबुदाणा, थोडी सुकी काळी माती, चिमूटभर कापूस आणि चार लांब केस. दुकानदार आधी हसेल. हसू द्या. तो स्वतः डेमो देतो तेव्हा कागदाचे कपटे ओढून दाखवतो, आणि कपटे तर फुंकरीनेही उडतात.

माती टाइलच्या सांध्यावर पसरा आणि बोटाने दाबा, म्हणजे फटीत बसेल. मशीन एकदाच, सावकाश फिरवा. मग त्या सांध्यावरून बोट फिरवून बघा, काळं लागतं का. साबुदाणा भिंतीला टेकवून टाका, कारण बऱ्याच मशीनच्या डोक्याची कड भिंतीपासून बोटभर जागा सोडते आणि तेवढी रेघ रोज तशीच राहते. साबुदाणा मागे उडाला तर ब्रश तुमच्या फरशीसाठी कडक आहे. केस आणि कापूस ओढल्यावर मशीन बंद करून रोलर काढायला सांगा, विक्रेत्याला नाही, तुम्ही स्वतः काढा.

मग वजन. स्टिक एका हाताने खांद्याच्या वर धरून पाच मिनिटं उभं राहा. पंखा, व्हेंटिलेटर, कोपऱ्यातली जळमटं काढताना असंच धरावं लागतं. मूठ जड असेल तर मनगट दुसऱ्याच मिनिटाला बोलायला लागतं. काही मशीनचं बटण सतत दाबूनच ठेवावं लागतं. सांधेदुखी असलेल्या आजीला ते जमणार नाही, तिथे एकदा दाबलं की चालू राहणारं बटण बघा. आणि घरात जी व्यक्ती झाडणार आहे तिला सोबत न्या. बाजारात मशीन पुरुष निवडतात आणि घरी ते बायका उचलतात, हे मी रोज बघतो.

६. किंमत

साधा कॅनिस्टर तीन ते सहा हजारांत मिळतो. बरी स्टिक दहा ते वीस हजारांत. त्याच्या वर नावाचे पैसे सुरू होतात. कामही चांगलं असतं, पण आपल्या घराला त्यातलं किती लागतं ते बघा. पाच हजारांच्या आतली स्टिक मी कुणालाच सुचवत नाही. टाचणभर मोटर, बॅटरी आत सील केलेली आणि सुट्टा भाग कुठेही न मिळणारा.

दुकानात विचारायची खरी किंमत वेगळीच आहे: नवी बॅटरी कितीला? फिल्टर कितीला? रोलर कितीला? सेल्समनला सांगता आलं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला तिथूनच फोन लावा. सोबत हेही विचारा की सर्व्हिस सेंटर जळगावात किंवा धुळ्यात आहे का, की मशीन नाशिकला नाहीतर पुण्याला पाठवावं लागणार. नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा भागातल्या मंडळींनी हे दोनदा विचारावं. कंपनीचा माणूस घरी येतो का, येत असेल तर कुठपर्यंत येतो, ते पिन कोड सांगून पक्कं करा. वॉरंटी कार्डवर मोटरची पाच वर्षं मोठ्या अक्षरात असतात आणि बॅटरीचं एक वर्ष किंवा सहा महिने खाली बारीक. मोटर क्वचित जाते, बॅटरी जातेच.

दिवाळीच्या सूटमध्ये जुनं मॉडेल संपवायला काढलेलं असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण त्याची बॅटरी किती काळ गोडाऊनमध्ये पडून होती हे कुणी सांगत नाही. खोक्यावरचा निर्मितीचा महिना-वर्ष वाचा. वर्षाच्या वर जुनं असेल तर मी भाव आणखी पाडून मागेन किंवा सोडून देईन.

७. घरी आणल्यावर

दर दिवाळीनंतर ठरलेली तक्रार येते. अमळनेरकडच्या एक ताई मशीन टेबलावर ठेवत म्हणाल्या, “भाऊ, हाई आते काहीच वढत नही.” फिल्टर काढला तर त्यावर बोटभर जाडीचा थर, खाली पांढरा, वर गुलाबी, मध्ये हिरवट. लक्ष्मीपूजनाची रांगोळी. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती फिल्टरच्या घड्यांत बसली की झटकून निघत नाही. फिल्टर फाटका असेल तर मोटरपर्यंत जाते आणि बेअरिंग खाते. रांगोळी, पीठ, सिमेंट, पीओपी झाडूनेच भरा. उदबत्तीची किंवा चुलीची राख तर अजिबात नको, विझलेली दिसली तरी आत निखारा असतो आणि डबा प्लास्टिकचा. मिरचीची पूड सांडली तरी मशीन लावू नका. मागच्या हवेबरोबर ती घरभर पसरते आणि नंदुरबारची मिरची असेल तर सगळं घर अंगणात येऊन खोकतं.

सुक्या मशीनने पाणी ओढायचं नाही, हे कूलरच्या दिवसांत विसरू नका. कूलरखाली साचलेलं पाणी दिसतं आणि हात आपोआप तिकडे जातो.

डबा अर्धा भरला की रिकामा करा, पूर्ण भरायची वाट बघू नका. फिल्टर महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा, साबण नको, आणि चोवीस तास सावलीत वाळवा. मे महिन्यात दोन तासांत कोरडा लागतो, पण आतला थर ओला असतो. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात, जादा फिल्टर घ्या म्हटलं ते त्यासाठी. ओला फिल्टर लावून मशीन चालवलं की ओल्या गोणपाटाचा वास सुटतो आणि तो जात नाही.

खोकं आणि आतला थर्माकोल परत करायची मुदत संपेपर्यंत फेकू नका. पहिल्या आठवड्यात मशीन मुद्दाम जास्त वापरा: गादी, सोफा, कूलरच्या आजूबाजूची धूळ, गाडीची सीट. दोष असेल तर तो याच दिवसांत दिसला पाहिजे. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीवर दुकानाचा शिक्का घ्या आणि दोन्हींचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. फोन लावताना बिल आणि कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक समोर असू द्या.